पंचविशीतला निबंध : प्रस्तावना

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात 9 मे 1916 रोजी डॉ. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात एका भारतीय विद्यार्थ्याने निबंध वाचला. विषय होता भारतातील जाती, त्यांची यंत्रणा, उगम आणि विकास. वाचणाऱ्याला पंचवीस वर्षे पूर्ण होऊन महिनाही झाला नव्हता. सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर तो 1913 साली अमेरिकेत आला होता आणि त्या शिष्यवृत्तीची मुदत संपत आली होती. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात हा निबंध ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात छापून आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखनात तो आकाराने अगदी लहान. महाराष्ट्र शासनाने 1979 साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडात तो विसेक पानांत मावतो. तोच निबंध मध्ये ठेवून मी हे पुस्तक लिहिले आहे, आणि ते पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे.

‘चिकित्सक विचार’ हे शब्द सध्या महाविद्यालयांत फार ऐकू येतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ते आहेत, अभ्यासक्रमांच्या उद्दिष्टांत आहेत, आणि परीक्षेत पाच गुणांची टीप म्हणूनही ते येतात: व्याख्या लिहा, पायऱ्या लिहा, महत्त्व सांगा. पायऱ्या पाठ करून कोणी विचार करायला शिकल्याचे माझ्या पाहण्यात नाही. जो विचार करतो आहे त्याच्या शेजारी बसून, त्याने कोणते वाक्य घेतले, कोणते टाकले, कुठे थांबला, हे बघत बघतच ते अंगवळणी पडते. मला असा एक विद्यार्थी हवा होता, ज्याचा निष्कर्ष तर कळेलच, पण तिथवर तो कसा पोहोचला तेही उघड दिसेल. बाबासाहेबांच्या या निबंधात ते पानोपानी दिसते.

निबंधाच्या सुरुवातीलाच ते चार जणांच्या जातीच्या व्याख्या समोर ठेवतात. फ्रान्सचे एमिल सेनार, वायव्य प्रांतातल्या जातींवर लिहिणारे नेसफील्ड, नाकाची मापे घेऊन जातींना वंशांत बसवू पाहणारे सर हर्बर्ट रिस्ले, आणि चौथे आपले श्रीधर व्यंकटेश केतकर. पुढे ज्ञानकोशकार म्हणून महाराष्ट्राला ओळखीचे झालेले केतकर त्याच न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकले होते आणि जातीच्या इतिहासावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक 1909 साली आले होते. म्हणजे निबंध वाचणाऱ्याच्या समोर तेव्हाची सगळी मातब्बर नावे होती. तो काय करतो? प्रत्येकाची व्याख्या आधी त्याच्याच शब्दांत पूर्ण उद्धृत करतो. मग विचारतो की यांनी सांगितलेले लक्षण खरोखर जातीचेच आहे, की ते इतरत्रही सापडते?

सेनार यांनी विटाळाच्या कल्पनेवर भर दिला होता. आंबेडकर म्हणतात, विटाळ ही पुरोहिती आचारातली गोष्ट आहे आणि ती जगात अनेक ठिकाणी आढळते. जातीशी ती जोडली गेली, कारण पुरोहिताचे स्थान जातिव्यवस्थेत सर्वांत वर होते. नेसफील्ड यांनी बाहेरच्यांशी रोटीव्यवहार नसणे हे लक्षण धरले. त्यावर आक्षेप असा की हा परिणाम आहे, कारण नाही. गट स्वतःभोवती कुंपण घालून बसला की सहभोजन आपोआप बंद पडते. रिस्ले यांच्या व्याख्येत नवीन काही नाही, असे एका वाक्यात सांगून ते पुढे जातात. कशावर वेळ घालवायचा नाही हेही शिकावे लागते, आणि तो धडा या एका वाक्यात आहे.

केतकरांपाशी मात्र ते थांबतात. केतकरांची व्याख्या सर्वांत चांगली, कारण जात एकटी नसते, ती जातींच्या व्यवस्थेतच असते, हे केतकरांनी ओळखले. हे श्रेय आधी मोकळेपणाने दिले आहे, दोष त्यानंतर. केतकर दोन लक्षणे सांगतात: जातीबाहेर लग्नाला बंदी, आणि सदस्यत्व फक्त जन्माने. आंबेडकरांच्या मते ही एकाच गोष्टीची दोन अंगे आहेत. जातीबाहेर लग्नच नसेल तर जातीत जन्मलेल्याशिवाय दुसरा कोणी आत येणार कुठून? मग उरते ते एकच, जातीअंतर्गत विवाह. बाकी सगळे गळून पडते आणि हे टिकते.

वर्गात मी हा भाग शिकवतो तेव्हा मुलांना वाटते की आता निबंध संपला, व्याख्या मिळाली. खरे काम इथून सुरू होते. जातीत लग्न टिकवायचे असेल तर काय काय करावे लागेल, हे तो पंचविशीतला विद्यार्थी शांतपणे मांडत जातो. गटात लग्नाच्या वयाचे स्त्री-पुरुष संख्येने जुळले पाहिजेत. पण माणसे मरतात. नवरा गेला की बायको ‘जास्तीची’ ठरते, कारण तिने जातीबाहेर लग्न केले तर कुंपण तुटते आणि जातीतच दुसरा नवरा केला तर एखाद्या मुलीच्या वाट्याचा वर जातो. मग तिला जाळायचे, नाहीतर जन्मभर विधवा ठेवायचे. बायको गेली की पुरुष ‘जास्तीचा’ होतो. त्याला जाळत नाहीत, आणि ब्रह्मचारी ठेवणे अवघड. मग त्याला अजून लग्नाच्या वयात न आलेली मुलगी द्यायची. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह, तीन वेगवेगळ्या ‘रूढी’ म्हणून शिकलेल्या या गोष्टी एका गणितात बसतात. आणि मग निबंधातले माझ्या मते सर्वांत धारदार निरीक्षण येते. या प्रथांचा गौरव करणारे तत्त्वज्ञान भरपूर आहे, पण त्या मुळात का सुरू झाल्या हे सांगणारे काहीच नाही. प्रथा आधी आली, तिची थोरवी नंतर रचली गेली. एखादी गोष्ट पवित्र मानली जाते म्हणून ती पाळली जाते, असे आपण गृहीत धरतो. इथे बाण उलटा फिरवून पाहिला आहे. विद्यार्थ्याने एवढी एक सवय उचलली, की ‘कारण’ म्हणून सांगितलेली गोष्ट परिणाम तर नाही ना हे तपासायचे, तर अर्थशास्त्रापासून घरातल्या भांडणापर्यंत तिचा उपयोग होईल.

पुढचा भाग वाचताना लिहिणारा कोण आहे हे विसरू नये. साताऱ्याच्या शाळेत हा मुलगा वर्गात वेगळा, घरून आणलेल्या गोणपाटावर बसला होता. त्याला संस्कृत शिकू दिले गेले नाही, म्हणून त्याने पर्शियन घेतली. जात मनूने निर्माण केली, किंवा ब्राह्मणांनी ती इतरांवर लादली, हे उत्तर त्याच्या मनाला सर्वांत सोयीचे ठरले असते. निबंधात तो ते नाकारतो. मनूने आधीच चालत असलेल्या गोष्टींचे नियम बांधले, आणि एवढी मोठी व्यवस्था साऱ्या समाजावर लादणे कोणत्याही एका वर्गाच्या आवाक्यातले काम नाही, असे तो म्हणतो. एका वर्गाने आपले दार बंद केले, इतरांनी वरच्यांचे अनुकरण करत आपापली दारे लावली, आणि ज्यांनी लावली नाहीत त्यांना ती बाहेरून बंद झालेली दिसली. अनुकरणाचा हा सिद्धांत त्याने फ्रेंच समाजशास्त्रज्ञ गाब्रिएल तार्द यांच्याकडून घेतला. ज्याला राग येण्याचा पूर्ण हक्क आहे तो रागाला पुरावा मानत नाही, हे या निबंधात प्रत्यक्ष घडताना दिसते. शेवटी तो सांगतो की आपला सिद्धांत टिकत नाही असे कोणी दाखवून दिले, तर तो सोडून द्यायला आपण तयार आहोत.

ही वृत्ती हवेतून आली नव्हती. कोलंबियात जॉन ड्युई शिकवत होते. आपण विचार कसा करतो यावरचे त्यांचे पुस्तक 1910 साली आलेले होते, आणि त्यात अडचण जाणवल्यावर निर्णय लगेच न करता तो तपासासाठी राखून ठेवण्यावर भर होता. बाबासाहेब ड्युईंच्या वर्गांना बसले आणि पुढे 1936 साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये त्यांनी या शिक्षकाचे ऋण जाहीरपणे मान्य केले. गोल्डनवायझर हे फ्रांझ बोआस यांचे शिष्य. वंशाच्या नावाखाली माणसांची उतरंड लावण्याला बोआस यांचा विरोध होता. अशा वातावरणात रिस्लेंच्या मापपट्टीला एका वाक्यात बाजूला सारणे विद्यार्थ्याला जमले. शिक्षक भेटावे लागतात, हे इथे लिहून ठेवतो, कारण या विषयावर बोलताना सगळा भार विद्यार्थ्यावर टाकण्याची पद्धत पडली आहे.

शिक्षकांविषयी आणखी एक गोष्ट. 1923 साली लंडनमध्ये बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध ग्रंथरूपाने निघाला. प्रस्तावना लिहिली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधले त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी. आंबेडकरांचा सुवर्ण विनिमय परिमाणाला विरोध होता. कॅनन यांनी प्रस्तावनेतच लिहिले की हा विरोध मला मान्य नाही, आणि तरीही या मांडणीतला ताजेपणा मनाला चालना देणारा आहे. विद्यार्थ्याच्या पुस्तकाच्या पहिल्याच पानांवर गुरूने असहमती नोंदवली आणि विद्यार्थ्याने ती पुस्तकाच्या आरंभी छापू दिली. आपल्याकडच्या किती प्रबंधांना अशी प्रस्तावना लाभेल, हा प्रश्न मार्गदर्शकांनी आणि विद्यार्थ्यांनी दोघांनीही स्वतःला विचारावा.

आता आपल्या वर्गांकडे येतो. समाजशास्त्रापासून दूरचे उदाहरण मुद्दाम घेतो, कारण चिकित्सा ही फक्त समाजाबद्दल मते मांडणाऱ्यांची गोष्ट आहे असा गैरसमज आहे. पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत लंबकाचा प्रयोग असतो. दोऱ्याला गोळा टांगायचा, वीस आंदोलनांना लागणारा वेळ मोजायचा आणि गुरुत्वत्वरण काढायचे. उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक असते: 980. बऱ्याच जणांचे 1086 च्या आसपास येते. मग काय होते, ते त्या प्रयोगशाळेत उभा राहिलेला प्रत्येक जण जाणतो. रफ वहीतली रीडिंग खोडली जातात, सूत्र उलटे चालवून नवी तयार होतात आणि फेअर जर्नलात 978 किंवा 983 येते. पूर्ण 980 लिहीत नाहीत. तेवढे कोणी विश्वास ठेवणार नाही. जर्नलवर सही होते.

पण ते 1086 बोलत होते. आंदोलने मोजताना गोळा सोडल्याबरोबर ‘एक’ म्हटले, ‘शून्य’ म्हटले नाही, की वीस मोजून होतात तेव्हा प्रत्यक्षात एकोणीसच झालेली असतात. त्या वेळेला विसाने भागले की आवर्तकाल कमी येतो, आणि त्याचा वर्ग छेदात असल्यामुळे उत्तर दहा-अकरा टक्क्यांनी फुगते. बरोबर 1086. तसेच, दोऱ्याची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजता वरच्या हुकापर्यंतच मोजली तर उत्तर खाली येते. मात्र लांबी आणि आवर्तकालाचा वर्ग यांचा आलेख काढला तर त्याच्या चढावर या चुकीचा परिणाम होत नाही, कारण ती प्रत्येक लांबीत सारखीच असते. चुकलेल्या रीडिंगने हे सगळे शिकवले असते. खोडरबराने ते पुसले गेले. अशी तीन वर्षे जर्नले पूर्ण करणारा विद्यार्थी हेच शिकतो की उत्तर आधी ठरलेले असते आणि पुरावा नंतर जमवायचा असतो. सती-प्रथेच्या तत्त्वज्ञानाने जे केले तेच हे, फक्त प्रयोगशाळेत.

कला शाखेत वेगळे घडते, पण फार वेगळे नाही. सेमिनारच्या दिवशी विद्यार्थी पडद्यावरची वाक्ये वाचून दाखवतो. ‘काही प्रश्न?’ म्हणतो. कोणी विचारत नाही, कारण उद्या आपलाही नंबर आहे. टाळ्या. आता त्या स्लाइडवरचा मजकूर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून काही सेकंदांत मिळतो. त्या साधनाला दोष देण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. त्याआधी हेच काम गाईड आणि ‘आयएमपी’ प्रश्नांचे संच करत होते. ज्या सेमिनारला प्रश्नच येणार नाहीत त्यासाठी वाचून का यायचे? प्रश्न येणार हे माहीत असेल तर विद्यार्थी त्या साधनाने दिलेल्या संदर्भांतले कोणते पुस्तक खरोखर अस्तित्वात आहे, हे ग्रंथालयात जाऊन पाहतो. मी हे होताना पाहिले आहे.

वर्गाबाहेरच्या आयुष्यात चूक महागात पडते, कधी दुसऱ्याच्या जिवावर. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याला, भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्या दिवसांत मोबाइलवर फिरत होते. कोणाचे मूल? कोणत्या गावातले? कोणत्या पोलीस ठाण्यात तक्रार आहे? हे तीन प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. पण पदवीचे शिक्षण घेणारा मुलगा किंवा मुलगी आता महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक गावात आहे, आणि घरच्या ग्रुपवर असा संदेश आला की निदान त्यांनी तरी हे विचारावे, ही अपेक्षा मला रास्त वाटते. आत्या-मामांच्या ग्रुपवर वडीलधाऱ्यांना ‘हे खरे आहे का?’ विचारणे किती जड जाते, हे मी जाणतो. तो उद्धटपणा समजला जातो. म्हणून पुस्तकाच्या एका प्रकरणात मी हे प्रश्न कसे विचारावेत, याची घरगुती भाषेतली उदाहरणे दिली आहेत: ‘काका, हे कुठल्या गावचं आहे, मी जरा फोन करून विचारतो’ असे म्हटले की कोणाचा मान जात नाही आणि संदेश पुढे जायचाही थांबतो.

सर्वांत अवघड प्रकरण लग्नाचे आहे. मी ते शेवटी ठेवले नाही, मधोमध ठेवले आहे, म्हणजे चाळताना सुटणार नाही. जातीअंतर्गत विवाह हाच जातीचा गाभा, हे उत्तर आमचे विद्यार्थी परीक्षेत उत्तम लिहितात. दोन-तीन वर्षांनी त्यांचा बायोडेटा तयार होतो. सुरुवातीला देवाचे नाव, मग जन्मवेळ, रास, नाडी, आणि त्याच ओळींमध्ये जात, पोटजात. काही जणांना हे भरताना जुने उत्तर आठवते आणि टोचते. त्यांनी मला तसे सांगितले आहे. बहुतेकांना आठवतही नाही, कारण ते उत्तर परीक्षेचे होते. बाबासाहेबांनी मात्र 1916 चा निष्कर्ष वहीत ठेवला नाही. बंद लग्नव्यवहार हाच गाभा असेल, तर आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय, असे त्यांनी 1936 मध्ये ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या भाषणात मांडले, आणि तो उपाय लोक का स्वीकारत नाहीत याचा शोध घेत ते शास्त्रांच्या प्रामाण्यापर्यंत गेले. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या अधिवेशनासाठी लिहिलेले ते भाषण मंडळाला झेपले नाही. अधिवेशन रद्द झाले आणि बाबासाहेबांनी ते स्वखर्चाने छापले. वीस वर्षांच्या अंतराने, विद्यार्थिदशेतल्या एका व्याख्येचा धागा असा आयुष्यात उतरला.

घरच्यांच्या विरोधात जाऊन लग्न करा, असे हे पुस्तक कोणालाही सांगत नाही. आपल्याकडे त्यासाठी मुलींचे जीव गेले आहेत, आणि पुस्तक लिहिणाऱ्याने दुसऱ्याच्या धाडसावर आपली वाक्ये सजवू नयेत. पण जो कागद आपण स्वतःच्या हाताने भरतो त्यातली ती ओळ का भरतो आहोत, कोणासाठी, ती रिकामी ठेवली तर नेमके काय होईल, एवढे स्वतःशी आणि जमल्यास आईवडिलांशी बोलता येते. त्या बोलण्यातून काय निघेल ते प्रत्येक घरी वेगळे असेल.

या निबंधाची पूजा करण्यासाठी पुस्तक लिहिलेले नाही, हेही स्पष्ट करतो. मला त्यात उणिवा दिसतात. अनुकरणावर एवढा भर दिल्यामुळे बळजबरी, जमिनीची मालकी आणि गावगाड्यातली सत्ता मागे पडते. अस्पृश्यतेचा विचार निबंधात जवळजवळ नाही, आणि लिहिणाऱ्याने ती सोसलेली असूनही नाही. तार्द यांचे नियम फ्रान्समधून उचलून इथे लावताना ते किती बसतात, हेही त्याने पुरेसे तपासलेले नाही. शेवटच्या प्रकरणात असे आक्षेप दिले आहेत. ते खोडून काढायचे की वाढवायचे, हे वाचणाऱ्याने ठरवावे. बाबासाहेबांविषयी अपार आदर असलेल्या विद्यार्थ्यांना हे प्रकरण वाचताना अवघड वाटेल याची मला कल्पना आहे. निबंधाचे शेवटचे परिच्छेद त्यांनी त्याआधी पुन्हा वाचावेत. आपल्या सिद्धांताला आव्हान द्यायचे निमंत्रण तिथे लेखकानेच दिले आहे.

वाचण्याच्या क्रमाविषयी थोडेसे. निबंधाचे इंग्रजी 1916 चे आहे, वाक्ये लांब आहेत, आणि ग्रामीण भागातल्या मुलांची पहिली धडक तिथेच बसते. मराठी अनुवाद उपलब्ध आहे; आधी तो वाचावा, मग इंग्रजी निबंध दोघांनी मिळून मोठ्याने वाचावा. व्याख्यांच्या भागापाशी थांबावे आणि पुढे जाण्याआधी त्या चारपैकी आपल्याला कोणती पटते ते वहीत लिहावे, तारखेसह. प्रत्येक प्रकरणाखाली प्रश्न आहेत, त्यांची उत्तरे मागे छापलेली नाहीत.

शिक्षकमित्रांना एकच विनंती. या पुस्तकावर सेमिनार घ्याल तेव्हा निबंध वाचणाऱ्याला जेवढे गुण द्याल तेवढेच, चांगला आक्षेप घेणाऱ्यालाही द्या, आणि ते वर्गाला आधी सांगा. ‘काही प्रश्न?’ नंतरची शांतता दोन मिनिटे तशीच राहू द्या. आमच्या वर्गात पहिला प्रश्न साधारण तेवढ्या वेळाने येतो.